श्रद्धेची वाढ आणि आमची घाई



आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. अशा माणसाने ख्रिस्ती साधनेवर बोलावे हे आमच्या पाळकसाहेबांनाही जरा चमत्कारिक वाटले. पण घाई म्हणजे काय, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? एका नगाला किती सेकंद लागतात हे टिपायला घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस आम्ही पुष्कळ वर्षे पाहिला. आता तो दिसत नाही. घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोराच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला आहे.

हे घड्याळ कारखान्यातच राहते तर आमचे भांडण मालकापुरते होते. ते चर्चमध्येही शिरले. चार दिवसांचे शिबिर झाले की माणूस बदलला म्हणून त्याला साक्ष द्यायला उभा करतात. त्याचे डोळे भरून येतात, ते खोटे नसते. पण पुढच्या उन्हाळ्यात त्याची विचारपूस कुणी करीत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक लहानसा दाखला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी उगवते, वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोप उपटून मूळ किती गेले ते पाहणारा शेतकरी आम्ही अजून पाहिलेला नाही.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकली, आणि सांगणारा नेहमी इथेच थांबे, जणू काम फत्ते झाले! पुढची चोवीस वर्षे कोण सांगणार? १९१७ साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. इतका काळ ते शोधीतच होते.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर आम्हांला अधिक जवळची वाटते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ती बाई झाली नाही. बरीच वर्षे वेगळी राहिली. परत आली तरी आपले सोवळे तिने सोडले नाही. कुणाच्या हातचे पाणी चालते आणि का, हा प्रश्न तिने स्वतःशी घोळवला, आणि मनाचे समाधान झाल्यावरच बंधन सोडले. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करायला ती बसली, ती चौसष्ट अध्याय लिहूनच उठली. पंडिता रमाबाईंनी तर स्वतःच लिहून ठेवले आहे, की १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आजच्या साक्षीच्या व्यासपीठावर ही आठ वर्षे कुणी मोजली असती?

आता आमचेच सोबती विचारतील : धीर धरा, हे तर मालक सांगतो, तुम्हीही तेच सांगता काय? नाही. पगार थकला तर धीराचा उपदेश आम्ही ऐकून घेत नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. दाखल्यातला शेतकरीसुद्धा पीक तयार होताच विळा घालतो, एक दिवस थांबत नाही. वाढीला वेळ द्यायचा, देण्याला नाही. या दोन्हींची गल्लत करून पुष्कळांनी गरिबाला फसवले आहे.

आणि आमचे स्वतःचे? एका संपात आमच्याच चर्चमधला एक सोबती फाटक ओलांडून आत कामाला गेला. संप मोडला, आम्ही रस्त्यावर आलो. दर रविवारी तो आमच्या पुढच्या बाकावर बसे. प्रभूची प्रार्थना चाले. अपराध्यांना क्षमा करण्याचे वाक्य आले की आमचे ओठ मिटत. क्षमा कर, म्हणून पाळकांनी सांगितले. आम्ही हात जोडून हो म्हटले आणि घरी येऊन रात्रभर जागलो. असे अकरा वर्षे चालले. बारावे वर्ष कधी लागले ते कळले नाही. एका रविवारी ते वाक्य तोंडातून निघून गेले आणि आम्ही स्वतःच दचकलो.

गेल्या पावसाळ्यात तो युनियनच्या कचेरीत आला. मुलगा जेवण पोचवण्याचे काम करी. उशीर होतो म्हणून कंपनीने त्याचे खाते बंद केले होते. आम्ही कागद वाचले, चहा मागवला. बोलता बोलता तो म्हणाला, “दादा, तो संप चुकीचाच होता.” कप खाली ठेवताना आमचा हात थरथरला, हे कबूल केले पाहिजे. मुलाच्या अर्जाला अजून उत्तर नाही. सोमवारी दोघे मिळून कंपनीत जाणार आहोत.