आमच्या माघारी कोण?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. शिवणकाम करणारी बाई आहे. कमिटीने सांगितलं, ताई, तुमच्या मुलाबद्दल बोला, म्हणून उभी राहिले. माझा थोरला आता २९ वर्षांचा आहे. पौर्णिमेला दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीने लावतो, तोच तो.

साधारण आठव्या-नवव्या महिन्यात मूल बसायला लागतं. हा दीड वर्षाचा झाला तरी धड बसेना. कुणी म्हणालं, मुलगे उशिराच शिकतात. कुणी म्हणालं, ग्रहण पाळलं नसशील. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. तरी मी घरच्यांना न सांगता एक ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला, हे आज सर्वांसमोर कबूल करते. त्या ताईतापायी आमची दोन वर्षं वाया गेली. पुढे एका शाळेने, "याला घरीच ठेवा," असं सांगून पहिलीतून नाव काढायला लावलं. त्या दिवशी मी पार्ल्याच्या स्टेशनवर तासभर बाकड्यावर बसून होते.

शेवटी शेजारच्या एक नर्सताई आम्हाला पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. बुद्धीची चाचणी झाली. डॉक्टर म्हणाले, हा रोग नाही, गोळीने जाणार नाही. पण हा शिकेल, सावकाश शिकेल. पाच वर्षांत असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मंडळी, मुंबईत ही वाट आधी पालकांनीच पाडली. वकील दांपत्याला आपल्या मुलीसाठी शाळा मिळेना, म्हणून त्यांनी १९४४ साली स्वतःच सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. मिठू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी; त्यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी काढली, तिचं आजचं नाव अडॅप्ट. आपल्याजवळ जुहूला दिलखुश ही विशेष शाळा आहे.

अशा शाळेत काय शिकवतात, असं लोक विचारतात. शर्टाचं बटण लावायला शिकवतात. बाई सगळं बटण लावून देणार, शेवटचं ओढणं तेवढं मुलाने करायचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. माझ्या मुलाला एका बटणाला सात महिने लागले. पण आज तो स्वतः आंघोळ करतो, कपडे घालतो, दुकानातून दूध आणतो.

चुल्लपंथकाची कथा आपण या विहारात ऐकली आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला संघातून घरी जायला सांगितलं. भगवंतांनी त्याला घालवलं नाही. पांढरं फडकं हातात दिलं आणि ते चोळत बसायला सांगितलं. पाठांतर जमत नव्हतं, तर हाताने करायचं काम दिलं. विशेष शाळेतल्या बाई तरी याहून वेगळं काय करतात?

बाबासाहेबांच्या देखरेखीखाली लिहिलेल्या घटनेत ४१ वं कलम आहे. बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सरकारने मदत करावी, असं ते सांगतं. तेव्हा आपण दयेची भीक मागत नाही. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. मतिमंद हा शब्द जाऊन बौद्धिक दिव्यांग आला, स्वमग्नताही त्यात आली. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

म्हणून घरोघरी सांगते. पहिलं, शंका आली की वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरं, प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. रेल्वेची सवलत असो की संजय गांधी निराधार योजना, कागद लागतोच. तिसरं, निरामय आरोग्य विमा. १९९९ च्या कायद्याने झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात बसते, वयाची अट नाही.

आता मनातलं बोलते. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान. पण बँकेत सही कोण करणार? त्यासाठी कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो नेमते. आपलं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला. हे काम आई-बाप हयात असतानाच करावं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं आडनाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचं कुठे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा सवाल आहे. माझाही तोच आहे. रात्री झोप लागत नाही ती याच विचाराने.

कमिटीकडे माझं एकच मागणं. रविवारी दुपारी विहाराचा हॉल दोन तास रिकामा असतो. तो या मुलांसाठी द्या. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, कंदील करायला मी शिकवीन, शिवणयंत्र माझं आणीन. तेवढे दोन तास त्यांच्या आया एकमेकींशी बोलतील, एखादी नुसती पडून राहील. तरुण पोरांनी कार्ड काढायला, फॉर्म भरायला मदत करावी. आणि वस्तीत कुणी माझ्या मुलाला वेडा म्हणत असेल, तर त्याला नावाने हाक मारायला सांगा. हाक मारली की तो ओ देतो.

आमच्या माघारी कोण, याचं उत्तर एकट्या भावावर किंवा बहिणीवर टाकून चालणार नाही. त्या उत्तरात या हॉलमधली चार माणसं जरी आली, तरी मी निवांत झोपेन.