प्रयोगशाळेपासून पेढीपर्यंत

उज्जैनला विक्रमादित्याच्या नावाने दोन वास्तू उभ्या आहेत. एक शहरातील विद्यापीठ; १९५७ साली ते विक्रम विश्वविद्यालय या नावाने सुरू झाले. दुसरी, शहराबाहेर देवासच्या रस्त्याला नरवर गावाजवळ अलीकडे वसवलेली विक्रम उद्योगपुरी. तेथे कारखान्यांसाठी भूखंड पाडलेले आहेत आणि वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगासाठी निराळा भागही राखलेला आहे. एकीकडे विद्या, दुसरीकडे उद्योग, आणि मध्ये काही मैलांची सडक. मोटारीने ती पाहता पाहता संपते. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या शोधाला हेच अंतर कापावयाचे झाले, तर वर्षांमागून वर्षे जातात. पुष्कळदा तो वाटेतच नाहीसा होतो. असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. उज्जैन हे एके काळी सुती गिरण्यांचे शहर होते. त्या गिरण्या बंद पडल्या. आज विज्ञानाची पदवी घेतलेला मुलगा इंदूरची किंवा पुण्याची गाडी पकडतो. ज्या शोधातून गावात दहा-वीस माणसांना काम मिळाले असते, तो शोध प्रबंधाच्या पुठ्ठ्यात बांधला जाऊन ग्रंथालयाच्या फळीवर बसतो.

पहिली अडचण प्रमाणाची आहे. प्रयोगशाळेत दहा ग्रॅम पदार्थ उत्तम झाला म्हणजे कारखान्यात एक टन तसाच होईल, असे नाही. भांडे मोठे झाले की उष्णता निराळी वागते, ढवळणे निराळे होते, आणि शंभर वेळा केले तरी शंभर वेळा तोच माल निघाला पाहिजे. हे पडताळून पाहण्यास पैसा लागतो; आणि नेमका याच टप्प्यावर पैसा देणारा कोणी नसतो. संशोधनाचे अनुदान निबंध छापून आला की संपते. बँक तारण मागते. व्यापारी तयार माल मागतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. वेताळ पंचविशीतील राजाला लोक उज्जयिनीचाच विक्रम मानतात. वेताळाला खांद्यावर घेऊन तो निघतो. अट अशी की, वाटेत बोलायचे नाही. वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाची शकले होणार. आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. आजच्या संशोधकाची अवस्था हुबेहूब अशीच आहे. निबंध प्रसिद्ध केला नाही, तर पदवी आणि बढती अडते. प्रसिद्ध केला, तर शोध जगजाहीर झाला म्हणून पेटंट सामान्यतः हातचे जाते. वस्तुतः यातून वाट आहे. बोलण्यापूर्वी तात्पुरता अर्ज दाखल करावा आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा. मग निबंध खुशाल छापावा. परंतु ही साधी गोष्ट वेळेवर सांगणारा माणूस संशोधकाच्या शेजारी असावा लागतो.

असा जवळचा माणूस लाभला तर काय घडते, याचे जुने उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासले, तेव्हा तो डाग रसायनांनी काढणारे ते हेच गज्जर. १९०७ साली ‘अलेम्बिक’ हा औषधांचा व रसायनांचा कारखाना निघाला, तो गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या मेळातून. गुरूपाशी विद्या होती. ती दुकानापर्यंत नेण्याची उमेद बाकीच्यांपाशी होती. एकट्या प्राध्यापकाने व्यापारी व्हावे, अशी अपेक्षा तेथे कोणी केली नाही.

परंतु असा शिष्य मिळणे हा दैवयोग झाला. दैवावर न विसंबता ही सोय कायमची कशी करता येईल, याचा पाठ पुण्याने घातला आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. तिच्या आश्रयाने २००७ साली ‘व्हेंचर सेंटर’ नावाची संस्था निघाली. अपुऱ्या दिवसांच्या बालकाला काही काळ उबेच्या पेटीत ठेवतात, तसे हे नवजात उद्योगांचे संगोपनगृह आहे. ज्याच्यापाशी कल्पना आहे पण प्रयोगशाळा नाही, त्याला तेथे प्रयोगाची जागा भाड्याने मिळते. विकत घ्यावयास न परवडणारी यंत्रे शुल्क भरून वापरता येतात. पेटंटाचा सल्ला मिळतो, अनुदानाचा अर्ज कसा लिहावा हे कळते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील एका योजनेत, १८ महिन्यांच्या मुदतीत कल्पना कसास लावून पाहण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू लागले, ते २०१२ पासून. त्यापूर्वी २००९ साली, वैज्ञानिकाने नोकरीत राहूनही आपल्या शोधावर उभ्या राहणाऱ्या कंपनीत भाग घ्यावा, यास केंद्र सरकारने मान्यता दिली होती.

याचे मोल २०२० साली कळले. करोनाच्या साथीत श्वासासाठी माणसे तळमळत होती. त्या वेळी या प्रयोगशाळेने आणि तिच्यातूनच निघालेल्या ‘जेनरिच मेम्ब्रेन्स’ या कंपनीने एक उपकरण सिद्ध केले. पोकळ, बारीक तंतूंच्या जुडग्यातून दाबाखाली हवा सोडावयाची. प्राणवायू तंतूच्या भिंतीतून लवकर पार होतो, नत्रवायू मागे रेंगाळतो. हवेतील २१ टक्के प्राणवायूचे प्रमाण अशा रीतीने ३५ टक्क्यांपर्यंत चढते. तंतूंची विद्या आधीपासून हाती होती आणि ती बाहेर नेणारी कंपनीही उभी होती. आग लागल्यावर विहीर खणावयास घ्यावी लागली नाही.

तथापि एक शंका मनात येते आणि ती रास्त आहे. जनतेच्या पैशाने झालेला शोध खासगी गल्ल्यात का जावा? प्राध्यापक नफ्यामागे लागला तर वर्गातील मुलांकडे कोण पाहील? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरी स्टीनबॉक यांच्यापुढे हाच प्रश्न होता. विशिष्ट किरणांनी अन्नात ड जीवनसत्त्व निर्माण होते, हे त्यांनी दाखवले. मुलांच्या मुडदूस रोगावर तो इलाज होता. त्यांनी पेटंट घेतले. परंतु १९२५ साली विद्यापीठासाठी एक विश्वस्त संस्था उभी राहिली, आणि त्या उत्पन्नाचा ओघ पुन्हा संशोधनाकडे वळला. म्हणजे दोष पैशात नाही. तो कोणत्या पाटाने वाहतो, हे आधी लिहून ठरवण्यात सारे शहाणपण आहे. शोधकाचा वाटा किती, विद्यापीठाचा किती, भांडवल घालणाऱ्याचा किती, हे यश येण्यापूर्वीच ठरले तर भाऊबंदकी होत नाही.

उज्जैनने पुण्याची नक्कल करावी, असे नाही. केंद्राची पाटी लावणे सोपे असते. पण उज्जैनलगत भैरवगढला छपाईचे आणि बाटिकचे कारागीर आहेत. मेण लावावे, रंगात बुडवावे, उकळत्या पाण्यात मेण काढावे, असे त्यांचे काम. रंग पक्का कसा राहील, वापरलेले मेण व पाणी पुन्हा कसे उपयोगी आणावे, हे रसायनशास्त्राचेच प्रश्न आहेत. विद्यापीठातील एखाद्या तरुण संशोधकाने त्या ओसरीवर जाऊन बसावे, कारागिराची अडचण ऐकावी आणि मग प्रयोगाला हात घालावा. त्याचा पहिला गिऱ्हाईक त्याला तेथेच भेटेल. आणि त्या दोघांच्या मध्ये बसून हिशेब, कायदा व धीर सांभाळणारा तिसरा माणूस विद्यापीठाने दिला, तर त्या शोधाला उद्योगपुरीची वाट आपोआप सापडेल.