मान्यता आणि उत्तरदायित्व : एका स्वयंसेवी संगणक-प्रकल्पाचा प्रवास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांनी मला गणित शिकविले. उत्तर बरोबर आले तरी ते वही परत करीत आणि म्हणत, "रीत कुठे आहे?" त्यांच्या नावाने होणाऱ्या या व्याख्यानात बोलण्याची संधी मिळाली, हा मी माझा बहुमान समजतो. आयुष्यभर संगणक शिकविणाऱ्या माणसाने संगणकाविषयीच बोलावे हे स्वाभाविक आहे. परंतु आजचा माझा विषय यंत्र हा नसून माणसे हा आहे. कोणी नेमलेले नसताना, कोणी वेतन दिलेले नसताना काही माणसे एक काम हाती घेतात, वर्षानुवर्षे ते करीत राहतात, आणि एके दिवशी मोठी संस्था म्हणते, "हे काम आता आमचे." त्या दिवशी नेमके काय घडते? मान्यता मिळते म्हणजे काय मिळते? हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

सभागृहात संगणकाशी फारसा संबंध नसलेली मंडळीही आहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशी घोषणा केली की, कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणक-प्रणाली आपण तयार करणार. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, तो लिनक्स. या साऱ्या चळवळीचे तत्त्व गुरुजींच्या त्या एका प्रश्नात सामावलेले आहे. तयार उत्तराबरोबर रीतही द्यावयाची. म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामबरोबर त्याची मूळ संहिताही सर्वांसाठी खुली ठेवावयाची.

परंतु नुसता गाभा सामान्य माणसाच्या उपयोगाचा नसतो. त्याभोवती हजारो प्रोग्राम लागतात आणि प्रत्येकाचा कर्ता निराळा. ते सारे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, घरी बसविता येतील अशा स्वरूपात देणाऱ्या संचाला 'वितरण' म्हणतात, आणि त्यातील प्रत्येक बांधीव पुडक्याला 'पॅकेज'. गावाहून आजी भाजणी पाठविते तेव्हा डब्याबरोबर चिठ्ठी असते : मोहन किती घालावे, पाणी कोमट असावे, तीळ घरचेच घ्यावेत. पॅकेजही तसेच असते. आतली वस्तू, ती कोठे ठेवावी याची सूचना, आणि ती चालण्यासाठी आधी घरात काय असावे लागते त्याची यादी. ही बांधणी दिसायला किरकोळ, पण करायला अत्यंत चिकाटीची. एक वस्तू बदलली की तिच्यावर विसंबलेल्या दहा वस्तू तपासाव्या लागतात.

अशा वितरणांपैकी एक जुने आणि मोठे वितरण म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. डेब्रा आणि इयान या दोन नावांच्या जोडणीतून हे नाव बनले. या प्रकल्पाची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही. १९९७ मध्ये त्याने 'सामाजिक करार' स्वीकारला आणि १९९८ मध्ये स्वतःची लिखित घटना. त्याचा प्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतदानाने निवडला जातो. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला आपली ओळख पटवावी लागते, कराराशी सहमती द्यावी लागते आणि केलेले काम दाखवावे लागते. जगभर विखुरलेले हजाराच्या आसपास सभासद हे वितरण चालवितात.

डेबियनची ख्याती तिच्या 'स्थिर' आवृत्तीसाठी. एकदा ही आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिच्यातील प्रोग्राम सहसा बदलत नाहीत. सुरक्षेतील छिद्रे आणि गंभीर दोष तेवढे दुरुस्त होतात. ज्याच्या संगणकावर रुग्णालयाची नोंद किंवा शाळेचा निकाल आहे, त्याला हेच हवे असते. परंतु या गुणाच्या पोटातच एक दोष आहे. 'वुडी' ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची 'सार्ज' जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षे! संगणकाच्या जगात तीन वर्षे म्हणजे एक पिढीच.

त्या काळात मी एका महाविद्यालयात शिकवीत होतो आणि तेथील जुन्या संगणकांवर वुडी चालत असे. यंत्रे बंद पडत नसत, पण पडद्यावर मराठी उमटविण्याचा प्रयत्न केला की जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे न येता मागे पडे. ही दुखणी नव्या प्रोग्राममध्ये बरी झाली होती. पण आमच्या स्थिर आवृत्तीत ते प्रोग्राम नव्हते. सगळी प्रणालीच अस्थिर आवृत्तीवर न्यावी, तर परीक्षेच्या तोंडावर प्रयोगशाळा बंद पडण्याची भीती. हा पेच आमच्या एकट्याचा नव्हता. जगभरच्या हजारो जणांचा होता.

यावर उपाय होता तो 'बॅकपोर्ट'. नव्या आवृत्तीसाठी बांधलेला प्रोग्राम घ्यावयाचा आणि जुन्या, स्थिर प्रणालीतील साहित्यावर तो पुन्हा बांधावयाचा. घर तेच, पाया तोच. एक खिडकी तेवढी नवी. अनेक स्वयंसेवक अशी पॅकेजे करीत आणि आपापल्या जागी ठेवीत. हेतू उत्तम असला तरी त्यातून गोंधळ माजला. एकाचे पॅकेज दुसऱ्याच्या पॅकेजशी जुळत नसे. करणाऱ्याला नोकरी लागली, लग्न झाले, उत्साह ओसरला, की त्याचे दुकान मुकाट्याने बंद. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्यावर आपली सारी प्रणाली सोपवीत आहोत तो माणूस कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे.

नॉर्बर्ट ट्रेट्कोव्स्की यांनी सुरू केलेल्या 'बॅकपोर्ट्‌स डॉट ऑर्ग' या उपक्रमाने या विखुरलेल्या कामाला एक घर दिले. माझ्या मते त्याचे खरे यश पॅकेजांच्या संख्येत नाही; त्याने घालून घेतलेल्या शिस्तीत आहे. पुढील आवृत्तीसाठी चाचणीत असलेल्या संग्रहात जे पोहोचले असेल, तेच येथे यावयाचे. कोणाची तरी लहर म्हणून काहीही यावयाचे नाही. आणि पुढची स्थिर आवृत्ती आली की वापरणाऱ्याला तिच्यावर बिनधोक जाता आले पाहिजे.

हा शेवटचा नियम कसा पाळला जातो ते सांगण्याजोगे आहे. अशा पॅकेजाच्या आवृत्ती-क्रमांकाला शेवटी '~' हे लाटेसारखे चिन्ह आणि पुढे 'बीपीओ' ही अक्षरे जोडतात. डेबियनच्या गणितात हे चिन्ह जोडलेला क्रमांक त्याच मूळ क्रमांकापेक्षा खालचा मानला जातो. परिणाम असा की, मूळ पॅकेज पुढील स्थिर आवृत्तीतून घरी आले की हे तात्पुरते पॅकेज आपोआप जागा सोडते. आपण पाहुणे आहोत आणि घरचा माणूस आला की उठावयाचे आहे, हे त्याच्या नावातच लिहून ठेवलेले असते. स्वयंसेवी कामात इतकी विनम्र शिस्त विरळाच!

वर्षानुवर्षे हे काम डेबियनच्या अंगणात, पण उंबरठ्याबाहेर चालले. काम करणारे बहुतेक डेबियनचेच सभासद; तरीही उपक्रम अनधिकृत. अखेर ५ सप्टेंबर २०१० रोजी डेबियनने जाहीर केले की, बॅकपोर्ट्‌स ही आता प्रकल्पाची अधिकृत सेवा आहे. पत्ता डेबियनच्या नावाखाली आला. पूर्वी पॅकेज खरे आहे याची खात्री करण्यासाठी या उपक्रमाची स्वतंत्र किल्ली आणावी लागे. ती गरज संपली. २०१३ मध्ये 'व्हीझी' आवृत्तीपासून हा संग्रह डेबियनच्या मुख्य भांडारातच सामावला गेला. आजही त्या पॅकेजांवर 'बीपीओ' हीच अक्षरे असतात. ती 'बॅकपोर्ट्‌स डॉट ऑर्ग' याची आद्याक्षरे. सासरी आलेल्या मुलीने माहेरचे नाव जपावे, तसे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी काय बदलले?

काय बदलले नाही, ते आधी पाहू. कोणालाही वेतन सुरू झाले नाही. काम कमी झाले नाही. आणि, हे मला महत्त्वाचे वाटते, अधिकृत झाले म्हणून ते स्थिर आवृत्तीच्या बरोबरीचे आहे, असा दावा कोणी केला नाही. बॅकपोर्ट्‌सला डेबियनच्या सुरक्षापथकाची हमी नाही. ज्याने पॅकेज आणले त्यानेच ते सांभाळावयाचे. ती पॅकेजे आपोआप बसत नाहीत; वापरणाऱ्याने नाव घेऊन मागावी लागतात. म्हणजे मान्यता मिळाली, पण मर्यादेची पाटीही दारावर तशीच राहिली.

बदलले ते उत्तरदायित्व. काल काही बिघडले असते तर डेबियनला म्हणता आले असते, "ते आमचे नव्हे." आता तसे म्हणता येत नाही. आणि स्वयंसेवकांनाही, "आम्ही आमच्या हौसेने करतो, पटले तर घ्या," असे म्हणण्याची सोय राहिली नाही. मान्यता हा सत्कार नव्हे. दोन्ही पक्षांनी आपापली पळवाट बंद करणे, म्हणजे मान्यता होय.

मान्यता देण्याची रीतही एकच नसते. २००३ मध्ये हवाई विद्यापीठातील वॉरन टोगामी यांचा फेडोरा हा स्वयंसेवी पॅकेज-प्रकल्प रेड हॅट कंपनीच्या प्रकल्पात विलीन झाला आणि त्याचे नाव साऱ्या वितरणाला मिळाले. नाव मिळाले, पण घर दोन भागांत राहिले : कंपनीचे लोक सांभाळीत तो 'कोअर', आणि स्वयंसेवकांचा तो 'एक्स्ट्राज'. ही भिंत २००७ मध्ये फेडोरा ७ या आवृत्तीत पडली. नाव देणे एका दिवसात होते. अधिकार वाटून घेण्यास चार वर्षे लागली. डेबियनमध्ये मान्यता देणारे आणि घेणारे एकाच घटनेखालचे सभासद होते, म्हणून तेथे हे तुलनेने सहज झाले, असे मला वाटते.

येथे कोणी विचारील की, स्वयंसेवकांवर इतका विश्वास ठेवावा काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मार्च २०२४ मध्ये असे उघडकीस आले की, 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा, पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसविलेला आहे. तो प्रोग्राम मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतीला म्हणून आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळविला आणि मग घात केला. ते पॅकेज डेबियनच्या चाचणी-संग्रहापर्यंत पोहोचले होते; स्थिर आवृत्तीपर्यंत मात्र पोहोचले नाही. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, त्याचे कारण शोधण्याच्या नादात हा कट उघड झाला.

या घटनेतून स्वयंसेवक अविश्वसनीय असतात, असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. संहिता खुली होती म्हणूनच एका चौकस माणसाला मुळापर्यंत जाता आले. धडा निराळा आहे. ज्या कामावर सारे जग विसंबले, त्याला एकट्या माणसाच्या खांद्यावर सोडून देणे हाच खरा धोका. जेथे नियम लिहिलेले आहेत, काम अनेकांच्या नजरेखालून जाते, आणि एकाने थकून बाजूला व्हायचे म्हटले तर दुसरा पुढे येऊ शकतो, तेथे स्वयंसेवा टिकते. बॅकपोर्ट्‌सची मान्यता मला या दृष्टीने मोलाची वाटते. संस्थापकाच्या उत्साहावर उभे असलेले काम त्या मान्यतेने संस्थेच्या स्मृतीत गेले.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा आणि वाचनालये चालविणाऱ्या आपणा सर्वांना ही कथा परकी वाटू नये. ओसरीवर भरणारा वर्ग, वर्गणीतून घेतलेले कपाट, आणि कितीतरी वर्षांनी आलेले मान्यतेचे पत्र, ही आपल्यातील अनेक संस्थांची जन्मकथा आहे. पत्र आल्यावर हिशेबवही, हजेरीपट, तपासणी हे सारे आले, आणि "पूर्वीचे दिवस बरे होते" असे म्हणणारेही भेटले. पण हजेरीपट म्हणजे मुलाच्या पालकाला दिलेले वचन असते, हे विसरून चालणार नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांना एक विनंती करतो. आज डेबियनच्या भांडारात देवनागरीचे टंक पॅकेज होऊन आलेले आहेत, आणि २००९ मधील 'लेनी' आवृत्तीपासून प्रणाली बसविताना मराठी भाषा निवडण्याची सोय झाली. हे कोणा सरकारी आदेशाने घडले नाही. कोणीतरी संध्याकाळी कामावरून परतल्यावर एकेक वाक्य मराठीत आणले म्हणून घडले. अशी भाषांतरे दर आवृत्तीला पुन्हा तपासावी लागतात. माणूस नसेल तर ती मागे पडतात. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक जागतिक परिषद आपल्या देशात, कोची येथे भरली होती. तेव्हा हे काम दूर कोठेतरी परदेशात चालते, ही सबबही आता उरलेली नाही.

एखादे पॅकेज, एखादा टंक, भाषांतराचे एखादे पान आपल्या नावावर घ्या. घेण्यापूर्वी पाच वर्षे ते सांभाळू शकाल का, याचा विचार करा. आणि घेतल्यावर पहिल्याच महिन्यात ते दुसऱ्या कोणाला शिकवून ठेवा. मान्यतेची वाट पाहू नका. ती यावयाची तेव्हा येईल, आणि आली म्हणजे काम वाढलेच असेल.