मोबाइलवरील धड्यात प्रश्न हवेत, परीक्षा नको
(शेतकरी गटप्रमुख व कृषिविस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



शेतीची माहिती आता चित्रफितींच्या आणि धड्यांच्या रूपाने मोबाइलवर घरोघर पोचते. चित्रफीत पाहताना सर्व काही समजल्यासारखे वाटते. परंतु पंधरा दिवसांनी पेरणीच्या घाईत बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळायचे की जिवाणू संवर्धक, येथे हात अडखळतो. पाहिलेले आणि वेळेवर आठवलेले यांत अंतर असते. ते कमी करण्याचा सोपा व बिनखर्ची उपाय म्हणजे धड्यात मधूनमधून छोटे प्रश्न विचारणे. मात्र या प्रश्नांना गुण नसावेत, त्यात कोणी नापास होऊ नये आणि कोणाचे उत्तर चुकले हे चारचौघांत कळू नये.

प्रश्नाने काय साधते?

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. शेतकऱ्याला माहिती पाच मिनिटांनी नव्हे, तर आठवड्याने, महिन्याने वापरायची असते. म्हणून पुन्हा पाहण्यापेक्षा आठवून पाहणे फायद्याचे ठरते.

ही गोष्ट शेतीला नवी नाही. इंडोनेशियात १९८९ साली भातपिकावर शेतीशाळा सुरू झाल्या. शेतीशाळांत वापरली जाणारी एक पद्धत अशी : शेतातच खरी कीड, मित्रकीटक किंवा रोगट पान दाखवून शेजारी प्रश्न आणि तीन उत्तरांच्या पेट्या ठेवायच्या. शेतकऱ्याने योग्य वाटेल त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. गटाला काय ठाऊक नाही हे प्रशिक्षकाला त्यातून कळते. मोबाइलवरील प्रश्नाचे काम हेच आहे.

प्रश्न कसा असावा?

प्रश्न व्याख्येचा नको, निर्णयाचा हवा. 'बीजप्रक्रिया म्हणजे काय?' असे न विचारता 'सोयाबीनच्या बियाण्याला आधी काय लावाल?' असे विचारावे. उत्तर 'जिवाणू संवर्धक' असे आले तर लगेच कारण द्यावे : वरून बुरशीनाशक चोळल्यास जिवाणू मरू शकतात. म्हणून रासायनिक प्रक्रिया आधी, जिवाणू संवर्धक शेवटी आणि नंतर बियाणे सावलीत सुकवावे.

दुसरे उदाहरण कीटकनाशकाच्या डब्याचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेत सुमारे वीस जणांचा बळी गेला. असा प्रसंग पुन्हा येऊ नये यासाठी बरेच काही करावे लागेल. लेबल वाचता येणे ही त्यातील पहिली पायरी. डब्यावरील चौकोनात खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवतो. तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने हे रंग लाल, पिवळा, निळा व हिरवा असे आहेत. येथे 'हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक का?' असा प्रश्न ठेवावा. 'होय' म्हणणाऱ्याला सांगावे की हिरवा म्हणजे इतरांच्या मानाने कमी विषारी. हातमोजे आणि तोंडावरचा मास्क तेव्हाही हवाच. ही चूक घरी खाटेवर बसून झाली तर काहीच बिघडत नाही. शेतात झाली तर जिवावर बेतते.

धडे तयार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे :

१. एका धड्यात दोन-तीनच प्रश्न ठेवावेत. पहिला प्रश्न माहिती देण्यापूर्वी विचारला तरी चालेल. त्याने उत्सुकता वाढते.

२. चुकीचे पर्याय गावातील प्रत्यक्ष समजुतींमधून घ्यावेत. कोणीही निवडणार नाही असा पर्याय वाया जातो.

३. नुसते 'चूक' म्हणून थांबू नये. दोन वाक्यांत कारण द्यावे व पुन्हा संधी द्यावी.

४. प्रश्न आवाजात ऐकू यावा आणि सोबत चित्र असावे.

५. तोच प्रश्न आठवड्याने व ऐन कामाच्या तोंडावर शब्द बदलून पुन्हा विचारावा.

६. उत्तरांचा उपयोग अनुदानाच्या यादीसाठी किंवा कोणाची निवड करण्यासाठी करू नये. तसे झाले की शेतकरी पुतण्याकडून उत्तरे भरून घेतो आणि शिकणे तिथेच संपते.

शेतकरी बंधू-भगिनींनी काय करावे?

घरातील शिकलेल्या मुलाला विचारण्यापूर्वी स्वतः उत्तर द्यावे. चुकले तरी चालेल. धड्यात प्रश्न नसतील तर चित्रफीत मध्येच थांबवून 'आता काय सांगितले?' हे घरच्यांना सांगून पाहावे. काही प्रश्नांचे उत्तर मात्र मोबाइलमध्ये नसते. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सात-आठ दिवसांनी किती उगवले ते मोजा. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. हा प्रश्न पेरणीपूर्वी प्रत्येकाने स्वतःला अवश्य विचारावा.