बोलण्यातलं गाव



‘अमेरिकेत सगळे सारखंच इंग्रजी बोलतात ना?’ असं मला इथे आल्यावर हमखास विचारतात. तसं मुळीच नाही. बोस्टनचे जुने लोक ‘कार’मधला ‘र’ खाऊन टाकतात. दक्षिणेत ‘पिन’ आणि ‘पेन’ सारखेच ऐकू येतात, म्हणून लिहायचं पेन मागताना पुष्कळ जण ‘इंक पेन’ म्हणतात.

हा फरक किती मोलाचा असतो, ते सांगते. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये एका विमान कंपनीला फोनवरून बॉम्बच्या धमक्या आल्या. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला अटक झाली. तो न्यूयॉर्कचा होता आणि धमकीचा आवाजही तिथल्या लोकांना ‘पूर्वेकडचा’ वाटला. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी ध्वनिफीत ऐकली. धमकी देणारा ‘बॉम्ब’ आणि ‘ऑफ’ या शब्दांत एकच स्वर उच्चारत होता. बोस्टनकडे तसं बोलतात. न्यूयॉर्कचा माणूस हे स्वर वेगळे ठेवतो. कोर्टात त्यांनी हे दाखवून दिलं आणि तो कर्मचारी निर्दोष सुटला. दोन्ही शहरांत अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर!

आज शाळेत शिकवणाऱ्या बाई-सरांना एक विनंती. वर्गात कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं, तर प्रमाण उच्चार जरूर शिकवा. पण त्याला कुणी हसू नये, एवढं पाहा. ते पोर चुकत नसतं. आपल्या घरचं बोलत असतं.