मोर्चा संपल्यावर उरणारे चित्रण



गाझासाठी मोर्चे निघाले, तरी बॉम्ब पडतच राहिले. मग ते शूट करून काय उपयोग, असे तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. म्हणून आज अमीर अमिरानी यांच्या ‘वी आर मेनी’ या 2014च्या माहितीपटाबद्दल बोलतो.

15 फेब्रुवारी 2003. इराकवर हल्ला करू नका, म्हणत जगातल्या शेकडो शहरांत लोक रस्त्यावर आले. अंटार्क्टिकातल्या संशोधन केंद्रावरही निदर्शने झाली! लंडनचा मोर्चा ‘स्टॉप द वॉर’, अण्वस्त्रविरोधी ‘सीएनडी’ आणि ‘मुस्लिम असोसिएशन ऑफ ब्रिटन’ यांनी मिळून काढला. नमाजी आणि नास्तिक एकाच मोर्चात चालले. पोलीस म्हणाले साडेसात लाख, आयोजक म्हणाले 20 लाखांपर्यंत. तरी 20 मार्चला युद्ध सुरू झालेच.

अमिरानी त्या दिवशी लंडनमध्ये नव्हते, बर्लिनमध्ये होते. लंडनचा मोर्चा त्यांनी पडद्यावर आणला तो इतरांनी टिपलेल्या, जपून ठेवलेल्या चित्रणातून. पुढची काही वर्षे ते मुलाखती घेत, लोकवर्गणी जमवत राहिले. चित्रपट तिथून कैरोला जातो. 2003मध्ये तहरीर चौकात युद्धाविरुद्ध जमलेले लोक आणि 2011चा उठाव यांचा धागा तो जोडतो, आणि मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ऑगस्ट 2013मध्ये ब्रिटिश संसदेने सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव 285 विरुद्ध 272 मतांनी फेटाळला, त्याचेही श्रेय तो बऱ्यापैकी त्या मोर्चाला देतो. ते मला पूर्ण पटत नाही. संसदेतल्या मतांना पक्षांची गणितेही असतात. शिवाय प्रसिद्ध चेहरे जरा जास्तच आहेत.

आता तुमच्या मोबाइलकडे येऊ. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून हे सांगतोच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, मूळ फाइलमधली तारीख-ठिकाणाची नोंदही सहसा निघून जाते. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. सोबत चौक, वेळ आणि घोषणा लिहून ठेवा. रीलसाठी कापाल ती प्रत वेगळी.

आणि चेहरे! चेहरा ओळखणारी यंत्रणा आज पोलिसांकडेही आहे. बाजूने चालणारी कॉलेजची मुलगी घरी न सांगता आलेली असू शकते. तिला विचारल्याशिवाय तिचा चेहरा पोस्ट करू नका. पोस्ट करायच्या प्रतीत तो पूर्ण झाका. मूळ चित्रण कुणाकडे राहील, हे मोर्चाला निघण्याआधीच ठरवा.