पाठीवर बॅग, एस्टीनं आठवडा

मी आष्ट्याचा. आठवडाभर सुट्टी मिळाली, तर बायको आणि मी पाठीवर बॅगा टाकून एस्टीनं निघालो. सांगलीचा गणपती, मिरजेतली तंबोरे बनवणारी दुकानं, कोल्हापूरची अंबाबाई. मग सागरेश्वर. तिथं उघड्या डोंगरावर झाडं लावली, हरणं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. पुढं दाजीपूर, १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं.

पण मगर बघायला तिकीट लागलं नाही! ती आपल्या कृष्णेच्या काठावरच ऊन खात पडलेली. बायको म्हणाली, "अरे, इथं तर लोक धुणं धुतात!" खरंय. अभयारण्याला हद्द असते, नदीला नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी काठ नीट बघा. सेल्फीसाठी जवळ जाऊ नका, दगड तर मारूच नका. तिचं घर तेच, आपला पाणवठाही तोच.